सात वर्षं स्नेपचा ग्रुप चालवतोय, आता एका ठिकाणी अडलोय (सोलापूर)

धोटा

नमस्कार मंडळी,

२०१८ पासून मी स्नेपच्या चाहत्यांचा मराठी ग्रुप चालवतो. अख्ख्या हॅरी पॉटरचा नाही, एकट्या सेव्हरस स्नेपचा. टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहितो. दुपारच्या सुट्टीत डबा खाता खाता आम्ही सहा जण व्हॉट्सअ‍ॅपवर बोलायचो, तिथून सुरुवात झाली. आता टेलिग्रामवर साडेतीनशेच्या आसपास माणसं आहेत. निम्मी सोलापूरची, बाकीची बार्शी, पंढरपूर, लातूर, पुण्याची. कुणाच्या घरात तेलुगू बोलतात, कुणाच्या कन्नड, कुणाच्या उर्दू. ग्रुपवर मात्र सगळे मराठीत भांडतात आणि याचं मला फार अप्रूप आहे.

ज्यांनी वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. स्नेप हा जादूच्या शाळेतला काढे शिकवणारा मास्तर. तरुणपणी तो व्होल्डेमॉर्ट नावाच्या दुष्ट जादूगाराच्या टोळीत होता. व्होल्डेमॉर्टला हरवू शकेल असा मुलगा जन्मणार, ही अर्धवट ऐकलेली भविष्यवाणी त्यानंच मालकाला नेऊन सांगितली आणि त्यातून लिलीचा, म्हणजे ज्या मुलीवर त्याचा लहानपणापासून जीव होता तिचाच, बळी गेला. नंतर आयुष्यभर तो तिच्या मुलाला, हॅरीला, छुपेपणानं वाचवत राहिला, शत्रूच्या गोटात राहून हेरगिरी केली आणि अडतिसाव्या वर्षी मेला. हे सगळं सातव्या भागात, म्हणजे २००७ मध्ये उघड झालं. पहिला भाग १९९७ चा. मधली दहा वर्षं लोक त्याला नुसता खलनायक समजत होते.

पण तोच माणूस वर्गात पोरांना छळतो. नेव्हिल नावाचा भित्रा मुलगा आहे. आपल्या मनातली सगळ्यात मोठी भीती समोर उभी करणारा एक प्राणी वर्गात आणतात, तेव्हा नेव्हिलच्या पुढ्यात स्नेप उभा राहतो. ज्या पोराच्या आईवडिलांना छळून छळून वेडं केलंय, त्याची सगळ्यात मोठी भीती काय, तर शाळेतला मास्तर! मला ही जागा दर वेळी टोचते. चौथ्या भागात हॅरीच्या मैत्रिणीचे, हर्मायनीचे, दात जादूच्या फटक्यानं वाढत वाढत हनुवटीखाली जातात, तेव्हा स्नेप तिच्याकडे बघून मला तर काहीच फरक दिसत नाही, अशा अर्थाचं बोलतो. ती रडत पळून जाते.

आमच्या ग्रुपमध्ये दोन घरं आहेत, पुस्तकवाले आणि सिनेमावाले. हे भांडण समजल्याशिवाय पुढचं कळणार नाही. पुस्तकातला स्नेप पहिल्या भागात जेमतेम एकतीस वर्षांचा आहे. तेलकट केसांचा, कडवट, जुनी जखम कुरवाळत बसलेला तरुण. सिनेमात अ‍ॅलन रिकमन आले तेव्हा ते पंचावन्नचे होते. तो आवाज, तो संथपणा आला की छळाला आपोआप भारदस्तपणा येतो. शिवाय दातांचा प्रसंग सिनेमात नाहीच. पाचव्या भागात त्याच्या वर्गातला जेम्स, म्हणजे लिलीचा पुढे झालेला नवरा, त्याला उलटा टांगतो तेवढं दाखवलंय, पण मदतीला आलेल्या लिलीलाच तो तिच्या जन्मावरून घाणेरडी शिवी देतो, ते दाखवलेलं नाही. त्यामुळे सिनेमातून आलेल्या माणसाच्या मनातला स्नेप बराच धुवून निघालेला असतो. त्यात त्याची चूक नाही, त्यानं पाहिलंच ते.

दर जानेवारीत आम्ही भेटतो. स्नेपचा वाढदिवस ९ जानेवारी, रिकमन गेले ते १४ जानेवारी २०१६ ला. हे दोन्ही दिवस गड्ड्याच्या यात्रेच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या जत्रेच्या, धामधुमीत येतात, बाहेरगावची पोरंही त्या निमित्तानं सोलापुरात असतात. या वर्षी एका मित्राच्या शिकवणीच्या खोलीत जमलो होतो. आमच्यातल्या एकीच्या मामांनी हातमागावर हरिणीचं वॉल हँगिंग विणून दिलं होतं. (चांदीसारखी चमकणारी हरिणी ही स्नेपची खूण. लिलीचीही तीच.) काळ्या जमिनीवर पांढरी हरिणी. ते फळ्याच्या वर टांगलं. सगळे गप्प झाले होते बघून.

एकोणीस वर्षांची एक मुलगी पहिल्यांदाच आली होती. फोटोला सगळे त्याच्याखाली बसले, ती बसेना. मी म्हटलं, ये ना. ती म्हणाली, "दादा, मला पुस्तकं आवडतात. पण ह्याच्याखाली बसून फोटो नको." कारण तिनं रात्री ग्रुपवर लिहिलं. आठवीत असताना एका शिक्षकांनी भर वर्गात तिच्या पुढं आलेल्या दातांवरून नक्कल केली होती. वर्ग हसला होता. दोन वर्षं ती तोंडावर हात धरून बोलायची. चौथ्या भागातलं ते पान तिनं तेव्हाच वाचलं होतं.

त्यावर पहिलं उत्तर आलं, "इतकं मनाला लावून घ्यायचं नसतं." दुसरं, "स्नेपनं काय काय सोसलंय ते बघ आधी." तिसऱ्यानं सातव्या भागातला तेहतिसावा धडा, त्याच्या आठवणींचा, परत वाचायला सांगितलं. बघता बघता चाळीस-पन्नास मेसेज झाले. सभ्य होते, शिवी एकही नव्हती, म्हणून माझ्या कुठल्याच नियमात ते बसत नव्हते. मी दोन दिवस काही बोललो नाही. तिसऱ्या दिवशी ती ग्रुप सोडून गेली.

माझी चूक मला कळते. मी बोलायला हवं होतं. पण विचारायचंय वेगळंच. असल्या पात्राच्या प्रेमात पडलेली माणसं एकत्र राहायची तर नियम काय असावेत? काही जण म्हणतात दोन ग्रुप करा, एक प्रेम करणाऱ्यांचा, एक चिकित्सा करणाऱ्यांचा. मला ते पटत नाही. पण माझ्याकडे दुसरं काही नाही. ज्यांनी असे ग्रुप चालवलेत त्यांनी सांगावं.

---

नेव्हिलची_आजी

दोन ग्रुप करू नका. प्रेमवाल्यांच्या ग्रुपमध्ये सहा महिन्यांत आरती सुरू होईल आणि चिकित्सावाल्यांच्यात कुणी फिरकणार नाही. पाहिलंय मी.

---

अंगराज

धोटा, मी नऊ वर्षं कर्णप्रेमींचा ग्रुप चालवतोय. तुमचा त्रास शब्दन् शब्द ओळखीचा आहे. आमच्याकडे तर पात्र घराघरातलं, प्रत्येकाच्या आजीनं सांगितलेलं. सूतपुत्र म्हणून हिणवला गेलेला, दिलेल्या शब्दाला जागणारा, कवचकुंडलं काढून देणारा. माणूस रडतोच. आणि मग कुणीतरी द्यूतसभेचा विषय काढतं. भर सभेत द्रौपदीला वेश्या म्हणणारा कर्णच होता. तिचं वस्त्र काढायला सांगणाराही तोच. इथं ग्रुप फुटायचा. दर वेळी.

नियम, सूचना, मेंबरांना काढणं, सगळं करून झालं. शेवटी एकच गोष्ट लागू पडली. नवीन माणूस आला की पहिली पोस्ट त्यानं कर्णाच्या त्याला सगळ्यात न पटलेल्या कृत्यावर लिहायची. पाच ओळी चालतील. बचाव करायचा नाही, फक्त काय केलं ते लिहायचं. आवडतं ते दुसऱ्या दिवसापासून कितीही लिहा.

यानं दोन गोष्टी होतात. जो ही पोस्ट लिहूच शकत नाही, तो आपसूक गळतो. आणि जो लिहितो, त्याच्या लक्षात येतं की हे लिहूनही आपलं कर्णावरचं प्रेम जागेवर आहे. मग दुसऱ्या कुणी तेच लिहिलं तर तो अंगावर धावून जात नाही. लोक चिडतात ते भीतीपोटी. दोष मान्य केला तर माझा माणूस माझ्या हातून जाईल, ही भीती. ती पहिल्याच दिवशी मोडलेली बरी.

---

काळी_शाई

मी थोडं विरुद्ध बोलणार आहे, रागावू नका.

त्या मुलीबद्दल वाईट वाटलं, खरंच. पण कथेतलं पात्र ते कथेतलं पात्र. प्रत्येकाची जखम मध्ये आणायची म्हटलं तर कशावरच बोलता येणार नाही. माझे वडील दारू प्यायचे. म्हणून मी कुठल्या कादंबरीतल्या दारुड्यावर कुणाला जीव लावू द्यायचा नाही का? उलट अशाच एका पात्रामुळं मला वडील थोडे कळले. स्नेपचंही तसंच. ज्याला घरात मार, शाळेत टिंगल, तो मोठा होऊन काय होतो हे त्याच्यात दिसतं. ते समजून घ्या म्हणणारे लोक दुष्ट नव्हते.

---

धोटा

काळी_शाई, रागावलो अजिबात नाही. तुमचं म्हणणं दोनदा वाचलं.

ते लोक दुष्ट नव्हते हे मीही मानतो. त्यातले दोघं माझे जवळचे मित्र आहेत. पण फरक कुठं आहे ते सांगतो. तुम्ही वडिलांना समजून घेतलंत, तो तुमचा हक्क. दुसऱ्या कुणी येऊन "तुझ्या वडिलांना समजून घे" म्हटलं असतं तर? ती मुलगी स्नेपवर खटला भरायला आली नव्हती. ती एवढंच म्हणाली की मी त्या चित्राखाली बसणार नाही. आम्ही तिला स्नेपची बाजू सांगत बसलो, जणू तिला ती ठाऊकच नव्हती. सातही भाग तिनं आमच्याइतकेच वाचलेत.

आपण पुस्तकातल्या माणसाला माफ केलं की त्यानं ज्यांना दुखावलं त्या सगळ्यांच्या वतीनं माफी देऊन टाकली असं वाटायला लागतं. नेव्हिलच्या वतीनं मी कोण माफ करणार? गंमत बघा, ती भविष्यवाणी नेव्हिललाही लागू पडत होती. व्होल्डेमॉर्टनं हॅरीला निवडलं म्हणून, नाहीतर स्नेपच्या त्या चुगलीनं नेव्हिलचंच घर आधी गेलं असतं. स्नेपनं लिलीसाठी गयावया केली तेव्हा तिच्या नवऱ्याचं आणि तान्ह्या पोराचं काय होईल याची त्याला फिकीर नव्हती. शाळेचे मुख्याध्यापक डंबलडोर, त्यांच्यासारखा माणूसही तेव्हा त्याला म्हणतो की मला तुझी किळस येते.

आणि तरीही मी त्याच्यावर जीव टाकतो. त्या रात्रीनंतर सतरा वर्षं तो एकटा ते ओझं वाहतो, कुणाला कळू देत नाही, कुणाकडून शाबासकी मागत नाही. मला हे दोन्ही एकाच हातात धरायचंय.

---

मास्तर_मोहोळ

तेवीस वर्षं माध्यमिक शाळेत शिकवतोय, म्हणून लिहितो.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू. त्याचं कलम १७ सांगतं की मुलाला शारीरिक शिक्षा करायची नाही आणि मानसिक त्रासही द्यायचा नाही. छडी सगळ्यांना आठवते, दुसरा अर्धा भाग कुणी वाचत नाही. नेव्हिलच्या बेडकावर त्याच्याच हातचा बिघडलेला काढा पाजून बघतो म्हणणं, काढा बरोबर निघाला तर मदत केली म्हणून गुण कापणं, दातांवरून बोलणं, हे सगळं त्या दुसऱ्या अर्ध्यात येतं. एकदाही हात न उगारता.

मी हे अंतर राखून सांगत नाही. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत मीही एका मुलाच्या अक्षरावरून वर्गाला हसवलंय. तेव्हा वाटायचं वर्ग जिवंत राहतो. तो मुलगा परवा एसटी स्टँडवर भेटला, पाया पडला, आणि मला त्याच्याकडे बघवेना. स्नेप वाचताना मला लिली आठवत नाही, तो मुलगा आठवतो. तुमच्या ग्रुपमध्ये माझ्यासारख्यालाही जागा असावी आणि त्या मुलीलाही, एवढंच वाटतं. पण तिनं माझ्याशेजारी बसलंच पाहिजे असं नाही.

---

सातरस्ता

कायद्याचा विषय निघालाच आहे तर अ‍ॅडमिन मंडळींसाठी एक माहिती. मेंबरनं काही आक्षेपार्ह टाकलं तर अ‍ॅडमिन आत जाईल अशी भीती बरेच जण घालतात. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं सांगितलंय की समान हेतू किंवा आधी ठरवून केलेला कट दिसत नसेल तर मेंबरच्या पोस्टसाठी अ‍ॅडमिनला जबाबदार धरता येत नाही. तेव्हा घाबरून नियम करू नका. इथं प्रश्न कायद्याचा नाहीच, घरच्या वागणुकीचा आहे. आणि तो जास्त अवघड.

---

लातूरकर_वाचक

+१ अंगराज. पहिल्या पोस्टची युक्ती आमच्याही ग्रुपवर सुरू करतो.

---

टॅगवाली

एक व्यावहारिक गोष्ट. फॅनफिक्शनच्या, म्हणजे चाहत्यांनी त्याच पात्रांवर लिहिलेल्या कथांच्या, जगात हा तिढा आधीच बऱ्यापैकी सोडवलाय. आर्काइव्ह ऑफ अवर ओन ही साइट २००९ पासून चाहत्यांनीच चालवलीय, २०१९ मध्ये तिला ह्यूगो हा विज्ञानकथांच्या जगातला पुरस्कारही मिळाला. तिथं कुणी काय लिहावं यावर फारशी बंदी नाही, पण आत काय आहे ते वर लिहावं लागतं. हिंसा असेल तर हिंसा. सांगायचं नसेल तर "सांगत नाही" एवढं तरी लिहायचं. मग वाचणारा आपलं आपण ठरवतो.

तुम्ही टेलिग्रामवर विषयवार कप्पे करू शकता. एका कप्प्याला नाव द्या, "शाळेतलं". तिथं नियम एकच, कुणी स्वतःचा अनुभव लिहिला तर स्नेपचा बचाव करायचा नाही. बचाव करायला बाकीचे सगळे कप्पे मोकळे आहेत. दोन ग्रुप करण्यापेक्षा हे बरं, कारण माणसं तीच राहतात.

---

पूर्वभाग

ज्या मामांनी हरिणी विणली त्यांची मी भाची. लिहू की नको करत होते.

मामांनी आयुष्यभर हातमागावर देवदेवता आणि पुढाऱ्यांचे चेहरे विणले. सोलापूरच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत, आता असं विणणारे थोडेच राहिलेत. हरिणीचं चित्र मी त्यांना दिलं तेव्हा त्यांनी चौकटीच्या कागदावर एकेक चौकोन भरून ते उतरवून घेतलं. एक चौकोन म्हणजे किती धागे ते त्यांच्या डोक्यात पक्कं असतं. मामी कांड्या भरायची. सतरा दिवस लागले. डोळ्याशी आले तेव्हा एक आडवा धागा चुकला. उसवायचा तर चार बोटं मागं जावं लागलं असतं, आणि मी घाई करत होते, ९ तारीख आली म्हणून. ती चूक तशीच राहिली. जवळून बघितलं तर हरिणीचा डोळा किंचित मिटल्यासारखा दिसतो.

ती बसली नाही तेव्हा मला राग आला होता, खोटं कशाला सांगू. सतरा दिवसांचं काम आणि ही फोटोला बसत नाही. तेहतिसावा धडा परत वाच म्हणणारी मीच होते. धोटादादांनी इथं नाव घेतलं नाही, तो त्यांचा चांगुलपणा.

घरी गेल्यावर मामांना सांगितलं. मामांनी पुस्तक वाचलेलं नाही, त्यांना मराठी वाचायला वेळ लागतो, घरात तेलुगूच चालतं. मी त्यांना सगळी गोष्ट सांगितली, हरिणी कुणाची, का. त्यांनी विचारलं, "म्हणजे ही हरिणी त्या मास्तराची नाही, त्या बाईची?" मी म्हटलं, दोघांची. तर म्हणाले, "मग त्या पोरीला सांग की, ती त्या बाईच्या खाली बसणार होती. मास्तराच्या नाही." मामा अजून रोज विचारायलेत, सांगितलंस का म्हणून.

मी सांगितलेलं नाही. सांगितलं तर परत तिला समजावल्यासारखंच होईल असं वाटायलंय.

---

नेव्हिलची_आजी

पूर्वभाग, नका सांगू. अजून तरी नको. पण मामांचं वाक्य लिहून ठेवा.

---

काळी_शाई

धोटा यांचं उत्तर आणि मास्तरांचा प्रतिसाद वाचला. "दुसऱ्या कुणी येऊन म्हटलं असतं तर" यावर विचार करतोय. मला खरंच एका काकांनी तसं म्हटलं होतं, वडील गेल्यावर तेराव्याला. मी जेवणावरून उठून गेलो होतो. हे विसरलो होतो.

---

अंगराज

एक राहिलं. तुम्ही तिला वैयक्तिक निरोप दिलाय का? ग्रुपवर परत ये म्हणून नव्हे. नुसतं, मी गप्प बसलो ते चुकलं, एवढंच. आमच्याकडे मी असा एक निरोप चार वर्षं उशिरा पाठवला. उत्तर आलं नाही. पण पाठवायला हवा होता तो चार वर्षं आधी.

---

धोटा

सगळ्यांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला आठवडा लागला, कारखान्यात मार्चअखेरची कामं होती.

दोन ग्रुप होणार नाहीत. टॅगवाली यांचा "शाळेतलं" कप्पा परवा सुरू केला. पहिली पोस्ट मास्तर_मोहोळ यांची आहे (ते ग्रुपवर आले, मला फार बरं वाटलं), त्या अक्षरावरून हसवल्याची. त्याखाली कुणीही "जाऊ द्या सर" लिहिलेलं नाही.

अंगराज यांचा नियम थोडा बदलून घेतला. नव्या माणसानं पहिली पोस्ट स्नेपनं दुखावलेल्या एका माणसाच्या बाजूनं लिहायची. नेव्हिल, हर्मायनी, लिली, हॅरी, कुणीही. जुन्या मेंबरांनाही सांगितलं. सिनेमावाल्यांनी तक्रार केली की आम्हाला हे प्रसंग माहीतच नाहीत. त्यांना पानं काढून दिली. एकानं दातांचा प्रसंग वाचून रात्री साडेअकराला मला फोन केला, बराच वेळ नुसता "असं आहे होय?" म्हणत होता. त्या मुलीला "आधी त्याचं बघ" म्हणणारा तोच. रोलिंगबाई २०१५ मध्ये म्हणाल्या होत्या की स्नेप पूर्ण राखाडी आहे, त्याला संतही करता येत नाही आणि सैतानही. हे वाक्य आमच्या ग्रुपच्या माथ्यावर पहिल्या दिवसापासून लावलेलं आहे. सात वर्षं आम्ही त्याचा दुसराच अर्धा वाचत होतो.

तिला निरोप पाठवला. तीन ओळींचा. मी गप्प बसलो, ते चुकलं, परत येण्याचा आग्रह नाही. दोन दिवसांनी उत्तर आलं, "ते पान ग्रुपवर कधी वाचणार?"

चौथ्या भागातला अठरावा धडा आहे. येत्या रविवारी चार वाजता, त्याच शिकवणीच्या खोलीत मोठ्यानं वाचायचं ठरवलंय. ती येईल असं म्हणालेली नाही, मीही विचारलं नाही. पूर्वभाग, हँगिंग त्या दिवशी भिंतीवर नको असं मला वाटतं. तुम्हाला चालेल का?

---

पूर्वभाग

चालेल दादा. मामांना विचारलं. ते म्हणाले गुंडाळून आण, टेबलावर ठेव, ज्याला बघायचं तो उलगडून बघेल. तेही येणार आहेत. डोळ्याजवळचा तो धागा सगळ्यांना दाखवायचाय म्हणतात.